हातावरचं दही

वुच शहरातल्या भाड्याच्या घराच्या जिन्यावर आईने बाबांना थांबवलं आणि म्हणाली, "हातमोजा काढा."

बाबांच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. खाली टॅक्सी उभी होती आणि पोलंडमधल्या जानेवारीत टॅक्सीवाला कुणासाठी फार वेळ थांबत नाही. तरी बाबांनी उजव्या हातातली बॅग खाली ठेवली, दातांनी हातमोजा ओढून काढला आणि तळहात पुढे केला. आईने त्यावर चमचाभर दही घातलं, वर चिमूटभर साखर. बाबांनी ते चाटून टाकलं. मग माझा हात. दही इतकं गार होतं की तळहाताला चटका बसल्यासारखं झालं. आईने चमचा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला, दार ओढून घेतलं आणि आम्ही तिघं निघालो.

जिना उतरता उतरता मी विचारलं, "आणि तुझ्या हातावर?"

"मागं राहणाऱ्यानं घालायचं असतंय ते," आई म्हणाली. "आमच्यात मागं कोण राहतंय?"

"मग तू कशी घालतीस? तू पण निघालीस की."

"चालतंय तेवढं. खाली बघून उतर, पायरी निसरडी हाय."

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. बाबा, म्हणजे जयवंत दिवटे, इचलकरंजीचे कोष्टी. शिकून मागांचे इंजिनियर झाले आणि यंत्रमाग बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीत लागले. युरोपात कुठल्या गिरणीने नवे माग घेतले की ते बसवायला, चालू करून द्यायला आणि तिथल्या माणसांना शिकवायला बाबांना धाडलं जायचं. मुक्काम कधी चार-सहा महिन्यांचा, कधी वर्षाचा. मी अजून शाळेतही जात नव्हते तेव्हा आम्ही इचलकरंजीचं घर काकांच्या हवाली करून निघालो, ते इटलीतलं प्रातो, मग बेल्जियममधलं कोर्त्रेक, मग आणखी कुठली कुठली गावं, आणि शेवटी वुच. इचलकरंजीत आमचं नाव फार मोठं झालं होतं. दिवट्यांचा जयवंत बायको-पोरीला घेऊन युरोप फिरतोय म्हणे. आम्ही फिरत होतो हे खरंच होतं. पण लोक ज्या युरोपचे फोटो कॅलेंडरवर बघायचे तो आमच्या वाट्याला फारसा आला नाही. आम्ही बघितल्या त्या गिरण्यांच्या चिमण्या.

प्रत्येक नव्या शाळेत मी त्या भाषेतली तीन वाक्यं आधी शिकायचे. बाथरूम कुठे आहे, मला समजत नाही, आणि आम्ही लवकरच जाणार आहोत. तिसरं वाक्य मला सगळ्या भाषांमध्ये अगदी अस्खलित यायचं. ते म्हटलं की मुली फार जवळ येत नाहीत आणि मग सोडून जाताना त्रास होत नाही, हे मला बऱ्यापैकी लहानपणी कळलं होतं.

आईचं वेगळं होतं. तिच्याकडे झाकणाला आटे असलेली एक स्टीलची डबी होती आणि तिच्यात विरजण. नव्या घरात पाऊल टाकलं की ती आधी दूध शोधायची. बॅगा दाराशी तशाच. संध्याकाळी दूध कोमट करून विरजण लावायचं आणि सकाळी दही लागलेलं दिसलं की मग बॅगा उघडायच्या, आधी नाही. वुचमध्ये पहिल्या थंडीत दही लागेचना. आईने पातेलं बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून हीटरजवळ ठेवलं आणि आम्ही दोन दिवस त्याच कपड्यांत बसून होतो. बाबा चिडले नाहीत. त्यांना असल्या गोष्टींची गंमत वाटायची. विमानतळावर एकदा एका अधिकाऱ्याने डबी उघडायला लावली. आईने उघडली आणि प्रसाद द्यावा तशी त्याच्यापुढे धरली. त्याने वास घेतला, मान मागे घेतली आणि हाताने पुढे जा म्हणून सांगितलं.

बाबांचा कशावर विश्वास नव्हता. देव नाही, मुहूर्त नाही, काही नाही. पण हातावर दही पडल्यावर मागे फिरायचं नाही, एवढं ते पाळायचे. त्यालाही कारण होतं. प्रातो सोडताना ते दही खाऊन उंबऱ्याबाहेर पडले आणि विसरलेली छत्री आणायला परत आत गेले. त्या दिवशी गाडी चुकली, आईची बॅग हरवली आणि बाबांचा पाय मुरगळला. तेव्हापासून दही खाऊन बाहेर पडलं की आत काहीही राहो, बाबा म्हणायचे, राहू दे.

वुचहून आम्ही पोर्तुगालला आलो. गिमाराइंश नावाचं गाव, दगडी, चढउतारांचं, आजूबाजूला कापडाच्या गिरण्या. घर वरच्या मजल्यावर आणि खाली घरमालकीण, दोना लुर्देश. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली तरी बाई अंगावर काळे कपडेच घालायची आणि बोलायला लागली की हातातलं काम खाली ठेवायची. तिच्या भावाकडे गाई होत्या. आईने खुणा करून दूध मागितलं तर बाई किटलीभर घेऊन आली, वर दाट साय. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यावरचं ताट उचललं तर दही असं लागलं होतं की चमचा घातल्यावर कवडीसारखं सुटलं. आई बराच वेळ त्या पातेल्याकडे बघत बसली.

मग तिने बॅगा उघडल्या. रिकाम्या बॅगा नेहमी पलंगाखाली जायच्या, हाताशी असाव्यात म्हणून. या वेळी तिने स्टूल घेतलं आणि त्या माळ्यावर टाकल्या. मी बघितलं, बाबांनी बघितलं नाही.

वसंत आला तेव्हा दोना लुर्देशने आईला लिंबाचं रोप दिलं. आईने ते मागच्या भिंतीशी लावलं. तोवर तिने कुठल्याच गावात मातीला हात लावला नव्हता, फार तर एखाद्या डब्यात मेथी पेरायची. बाबा गिरणीतून आले, त्यांनी हात धुतले आणि रोपाकडे बघून म्हणाले, "ह्याला लिंबं कधी धरायची?"

"तीन-चार वर्षं लागतात म्हणं."

"मग खाणार कोण?"

आईने रोपाला पाणी घातलं. बाबांनी हसून माझ्याकडे बघितलं, म्हणजे आपल्याला एक विनोद कळलाय आणि तिला नाही, असं. मला त्यांचा राग आला. आधी कधी आला नव्हता.

कारण मला तिथे राहायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. या शाळेत मी तिसरं वाक्य शिकलेच नव्हते. सवय मोडली कशी ते माहीत नाही, पण शेजारी बसणाऱ्या इनेशने पुढच्या वर्षी आपण दोघी गाण्याच्या पथकात जायचं का म्हणून विचारलं आणि मी हो म्हणून बसले. पुढचं वर्ष नावाची गोष्ट आमच्या घरात नव्हती.

बाबांना घराचा कंटाळा नव्हता. ते प्रेमळ होते, आईला भांडी घासू लागायचे, माझी वेणी घालायचे आणि ती वाईट घालायचे. त्यांना कंटाळा यायचा चालू मागाचा. एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला गिरणी दाखवायला नेलं. नवे माग ओळीने उभे होते आणि बाबा एकेकाच्या अंगावरून हात फिरवत चालले होते. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हा लागला सुराला की ह्याला माझी गरज न्हाई. मग त्याच्या शेजारी उभं राहून काय करायचं?"

मग त्यांनी आजोबांचं सांगितलं. आजोबांचा हातमाग होता, खड्ड्यातला. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. सकाळी पाय खाली सोडले की जेवायलाच वर. समोर भिंत. बाबा लहान असताना त्यांना वाटायचं की आपले वडील कमरेपर्यंतच आहेत, त्यांना पायच नाहीत. "त्याच खोलीत गेला माझा बा," ते म्हणाले. "त्याच भिंतीकडं तोंड करून. मी तेव्हाच ठरवलं, आपले पाय खड्ड्यात सोडायचे न्हाईत."

मला ते समजलं. समजलं म्हणून राग गेला असं मात्र झालं नाही.

मे महिन्यात माग चालू झाले. पुढे एका दुपारी दोना लुर्देश वर आली, हातातली टोपली खाली ठेवली आणि आईचे दोन्ही हात धरून काहीतरी आनंदाने सांगायला लागली. तिचा भाचा त्याच गिरणीत होता. आईला भाषा अजून नीट येत नव्हती, म्हणून मी मध्ये उभी राहून मराठीत सांगत होते. कंपनी इथे दुरुस्तीचं केंद्र काढते आहे, आसपासच्या सगळ्या गिरण्यांसाठी, आणि त्याचा प्रमुख म्हणून सेन्योर दिवटे यांना कायमचं इथेच ठेवायचं म्हणते आहे. आईने मला तेवढंच वाक्य बाईंना पुन्हा म्हणायला लावायला सांगितलं. मी लावलं. वाक्य तेच होतं.

आईने बाबांना काही विचारलं नाही. ती वाट बघत होती हे मला दिसत होतं. ताट वाढून झालं की ती जरा जास्तच वेळ समोर बसून राहायची. बाबा गिरणीतल्या गमती सांगायचे आणि उठायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी ताटाशेजारी नकाशा उलगडला.

"स्वीडन," ते म्हणाले. "बोरोस म्हणून गाव हाय. ऑगस्ट संपता संपता निघायचं."

आई मक्याच्या भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी तिने उलटली. "आणि इथली जागा?"

"कसली जागा?"

"तुम्हाला देतायत ती."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत राहिले.

"मी न्हाई म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

"मला न विचारता."

"कुमुद, रोज तेच माग, तीच माणसं, सह्या करायच्या आणि घरी यायचं. माझा बा..."

"मामंजींचा खड्डा मीबी बघितलाय," आई म्हणाली. "सून म्हणून आले तेव्हा त्यात चुलीच्या शेणी ठेवत होती तुमची आई. ठाऊक हाय मला."

"मग?"

"मग काय न्हाई. भाकरी गार होतीया, जेवा."

आता भांडण होईल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर व्हावं असं वाटत होतं. आईने रडावं, पातेलं आपटावं, काहीतरी करावं. तिने काहीच केलं नाही. उरलेला उन्हाळा नेहमीसारखा गेला. ऑगस्टमध्ये तिने स्टूलवर चढून माळ्यावरून बाबांची बॅग काढली, त्यांचे स्वेटर उन्हात टाकले, बटणं शिवली, हत्यारांच्या पेटीला नवी दोरी लावली. आपल्या दोघींचं कधी, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, बघू, तुझं-माझं असतंय किती. इनेशला मी सांगून टाकलं, आम्ही चाललो. पोर्तुगीजमध्ये ते वाक्य मला जड गेलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी बूट घालून दाराशी उभी होते. बाबा घाईत होते. बायकांना तयार व्हायला वेळ लागतो असं म्हणत त्यांनी आपली बॅग आणि पेटी दाराबाहेर नेऊन ठेवली. आई वाटी घेऊन आली. बाबांनी हात पुढे केला, दही चाटलं, उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि रुमालाने तोंड पुसलं. मग मी हात पुढे केला.

आईने माझा हात धरला आणि हळूच खाली केला.

बाबा म्हणाले, "चला चला. तुमच्या बॅगा कुठायत?"

"माळ्यावर," आई म्हणाली.

ती उंबऱ्याच्या आत उभी होती, मी तिच्या शेजारी. बाबा बाहेर. मध्ये हातभरही अंतर नव्हतं.

"म्हणजे?"

"दही मागं राहणाऱ्यानं घालायचं असतंय. इतकी वर्षं चुकीचं घालत होते मी. आज बरोबर घातलंय."

बाबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी एक पाय उचलला. "थांब, मी आत येतो, बसून बोलू."

"आत येऊ नका," आई म्हणाली. "दही खाल्लंय तुम्ही."

तो पाय त्यांनी उंबऱ्यापर्यंत आणला आणि परत खाली ठेवला. ज्या माणसाने कधी देवाला हात जोडले नाहीत तो माणूस स्वतःच्या दारात तसा अडकून उभा राहिला. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर हसू येईल. मला त्या वेळी आलं नाही.

त्यांनी इथे राहायच्या परवान्याचं विचारलं. वर्षभर काळजी नाही, दोना लुर्देशने चौकशी करून ठेवली आहे, असं आईने सांगितलं. भाड्याचं विचारलं. दोना लुर्देशच्या ओळखीच्या शिवणकामाच्या कारखान्यात पुढच्या सोमवारपासून जायचं ठरलं आहे, असं सांगितलं. म्हणजे सगळा उन्हाळा तिने हे सगळं जमवलं होतं, तोडक्यामोडक्या भाषेत, माझ्याशिवाय. मग बाबांनी विचारायचं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"रेणू, तू?"

मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारत होतं. त्यांच्याकडे बघून मला रडू यायला लागलं, कारण ते मला हवे होते. पण मी म्हणाले, "माझी शाळा हाय, बाबा."

खाली टॅक्सीने हॉर्न दिला. बाबांनी पेटीची नवी दोरी हातात घेतली, सोडली, पुन्हा घेतली. मग खाली बघतच म्हणाले, "आणि मी कुठं यायचं?"

"इथं," आई म्हणाली. "परत यावं म्हणूनच घालतात दही. उगंच घातलंय व्हय?"

ते जिना उतरले. मी खिडकीकडे धावले. टॅक्सीत बसण्याआधी ते पाठमोरेच थोडा वेळ उभे राहिले, पण त्यांनी वर बघितलं नाही. दही खाऊन मागे बघायचं नसतं. आई स्वयंपाकघरात गेली होती. उरलेल्या दह्याची वाटी तिने ओट्यावर ठेवली होती आणि दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून ती उभी होती. मी तिथे गेले नाही.

बाबा बोरोसला माग चालू करून वसंतात आले. आईने त्यांची बॅग उघडून कपडे धुतले आणि बॅग माळ्यावर न टाकता दाराशी ठेवली. पुन्हा ते गेले, पुन्हा आले. प्रत्येक वेळी दाराशी तेच, हात, दही, साखर. भांडण कधी झालं नाही. आई कधी म्हणाली नाही की राहा. मला वाटायचं, म्हणावं एकदा, काय जातंय. बाबा आले की आमच्या घरात पाहुण्यासारखे वागायचे, टॉवेल कुठे आहे ते विचारायचे. मधल्या काळात आई भाषा शिकली, कारखान्यात तिच्या हाताखाली चार बायका आल्या, मी इनेशबरोबर पथकात गायला लागले. लिंबाला फुलं आली आणि गळली.

ज्या वर्षी लिंबं धरली त्या वर्षी बाबा आले आणि हत्यारांची पेटी त्यांनी दाराशी न ठेवता जिन्याखालच्या कपाटात ठेवली. का, ते सांगितलं नाही आणि आईनेही विचारलं नाही. काही दिवसांनी ते सकाळी डबा घेऊन त्या केंद्रात जायला लागले. प्रमुखाची जागा आता दुसऱ्याकडे होती, बाबा त्याच्या हाताखाली. बॅग मात्र दाराशीच होती. ती उचलून वर टाकायची कुणी, हा प्रश्न दोघांनीही तसाच ठेवला होता.

त्या हिवाळ्यात इचलकरंजीहून मामाचा फोन आला, त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आईने जायचं ठरवलं. इतक्या वर्षांत ती एकटी कुठे गेली नव्हती. बाबांना रजा नव्हती आणि माझी परीक्षा होती. तिची जुनी बॅग माळ्यावरून बाबांनी काढून दिली.

निघायच्या सकाळी ती शाल पांघरून दाराशी आली. चपला घातल्या, पर्समध्ये पासपोर्ट बघितला, मला फ्रिजमधल्या भाज्यांचं सांगितलं. मग उगाच जराशी थांबली आणि बॅगेला हात घातला.

"थांब," स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले.

ते वाटी आणि चमचा घेऊन आले. आदल्या संध्याकाळी आई शेजारपाजारी निरोप घ्यायला गेली असताना ते दूध तापवत होते, ते मी बघितलं होतं. चहासाठी असेल असं मला वाटलं होतं. ते उंबऱ्याच्या आत उभे राहिले.

"हात पुढं कर," ते म्हणाले.

आईने डावा हात पुढे केला. तिला कळलंच नसावं.

"उजवा, कुमुद."

तिने उजवा केला. बाबांनी त्यावर दही घातलं, साखर जरा जास्तच घातली. आई तळहाताकडे बघत राहिली. इचलकरंजी सोडताना आजीने घातलं होतं, त्यानंतर तिच्या हातावर कुणी दही घातलं नव्हतं. मग तिने ते चाटलं, पदराने तोंड पुसलं आणि पुसायला तिला बराच वेळ लागला.

"आंबट झालंय," ती म्हणाली.

"विरजण जादा पडलं काय की."

"एक थेंब पुरतंय. परत आले की दाखवते."

ती जिना उतरून गेली. मागे वळली नाही. बाबा खिडकीशी गेले नाहीत, दाराशीच उभे राहिले, टॅक्सीचा आवाज चढ उतरून जाईपर्यंत. मग त्यांनी दाराशी पडलेली स्वतःची बॅग उचलली, स्टूल ओढलं आणि ती माळ्यावर आईच्या बॅगेच्या रिकाम्या जागेत सरकवली. खाली उतरून वाटी माझ्यापुढे धरली.

"बघ गं खाऊन," ते म्हणाले. "लई आंबट झालंय का?"

मी बोटाने थोडं घेतलं. दही गोड होतं.